कानात घातलेलं नाव

"बदला की. काय बिघडतंय," असं आत्या म्हणाली आणि हदीलच्या हातातलं उस्मानिया बिस्कीट मधोमध तुटून चहात बुडालं. बुडालं ते बुडालंच, वर आत्यानं स्वतःच्या बशीतलं दुसरं उचलून तिच्यापुढे धरलं, जसं काही आपण बोललोच नाही. समोर सोफ्यावर सुजाताताई, म्हणजे हदीलच्या होणाऱ्या सासूबाई, पुण्याच्या, बोलायला इतक्या गोड की माणसानं आपल्याला कुठे कापलं ते नंतर घरी जाऊन आरशात बघावं. त्यांच्या शेजारी अनिकेत, मोबाईल मांडीवर उलटा ठेवून, पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत. सुजाताताईंनी विचारलंही किती मऊ! "आमच्याकडे ना, लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत आहे. जबरदस्ती नाही हं, अजिब्बात नाही. पण पुण्याला आमचा गोतावळा मोठा, प्रत्येकाला समजावत कुठे बसायचं? आणि अनिकेत म्हणत होता, हिला स्वतःलाच ते नाव आवडत नाही. म्हणून म्हटलं, मानसी कसं वाटतं?" त्यावर हदीलनं बाबांकडे बघितलं, बाबांनी, म्हणजे हिम्मतराव बिरादारांनी, आईकडे बघितलं, आईनं पदरानं टीपॉयवरचा नसलेला डाग पुसला, आणि मग सगळ्यांनी मिळून आत्याकडे बघितलं. कारण या घरात त्या नावावर शेवटचा शब्द आत्याचा. पहिलाही तिचाच होता. आणि आत्या म्हणते, बदला की. म्हणजे हद्द झाली! हदीलला एकदम ओरडावंसं वाटलं, आणि काय ओरडायचं ते सुचेना, म्हणून तिनं चमचा घेतला आणि कपातलं बिस्कीट उकरायला लागली.

वैताग बघा कसला. हे नाव तिला नको होतं, हे खरंच. अनिकेतला तिनंच सांगितलं होतं, दुसऱ्या का तिसऱ्या भेटीत, हसत हसत, की माझं नाव म्हणजे आयुष्यभराचा ओव्हरटाईम आहे. ते त्यानं जपून ठेवलं आणि नेऊन आईला दिलं. आता कुणाला काय म्हणणार! सोडवायला लोक आले आणि हिलाच सुटू नये असं वाटायला लागलं. असं कसं झालं याचा विचार करायला लागली की दर वेळी ती तिला न आठवणाऱ्या त्या दुपारी जाऊन पोचायची, जी घरातल्या सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की तिला वाटायचं आपण पाळण्यात उठून बसून ती बघितली. हेच हैदराबादचं, नल्लकुंट्याचं घर, हीच खोली, पाळण्याला झेंडूच्या माळा, परातीत घुगऱ्या. नाव ठरलेलं, वैष्णवी, सोनाराकडून वाटीवर कोरूनसुद्धा आणलेलं. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे भाग्यलक्ष्मी, तेव्हा कोठीच्या बायकांच्या कॉलेजात शिकणारी, दोन वेण्यांची पोरगी. ती वाकली, कुर्रर्र केलं, बायकांनी पद्धतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, आणि तिनं डोकं वर काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हदील. घुगऱ्या वाटणाऱ्या बाईचा हात तिथेच थांबला म्हणतात. कुणी म्हणालं, काय? आत्या म्हणाली, हदील. पुन्हा वाकायला कुणी तयार नाही, कारण कानात दोनदा सांगत नसतात, आणि आई बाळंतीण, तिला रडावं की काय करावं कळेना. तेव्हा दारातून आजोबा हसले. आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. "फाख्ते की आवाज," ते म्हणाले, "होल्या पारव्याचं घुमणं. अरबी आहे. कानात गेलं ना? गेलं मग." आणि वैष्णवी कोरलेली वाटी नंतर आमटी वाढायला वापरली घरात, अजून आहे.

कॉलेजात आत्याच्या बाकावर बसायची ती हदील. बारकस मोहल्ल्यातली. तिच्या पणजोबाचे वाडवडील निजामाच्या फौजेत चाकरी करायला अरबस्तानातून आलेले, म्हणून नावंही तिथलीच, हैदराबादेतल्या बाकीच्या मुसलमान पोरींनासुद्धा नवी वाटणारी. एवढं पक्कं. बाकी आत्या सांगेल तसं. कधी ती हदील गोरीपान आणि निळ्या डोळ्यांची असायची, कधी सावळी. कधी डब्यात खिमा आणायची आणि आत्या चोरून खायची, कधी आत्यासाठी मुद्दाम बिनकांद्याचं काहीतरी आणायची, जे आत्या घरी कधीच खायची नाही, कारण बिरादारांच्या घरात कांद्याशिवाय फोडणीच पडत नाही. मग शेवटच्या वर्षाला तिचं लग्न ठरलं, ती जेद्दाहला गेली, पत्ता द्यायची राहिली. आणि त्याच महिन्यात दादाला मुलगी झाली. आत्या हे असं सांगायची की बस चुकली आणि मागून दुसरी आली, इतकं सोपं. बसमध्ये कोण बसलं ते कुणी विचारलं? ही हदील बसली. बालवाडीपासून बसली. तेलुगूच्या टीचर हजेरीला आदिलक्ष्मी म्हणायच्या आणि तेच त्यांना बरं वाटायचं. पाचवीत हिनं भाबडेपणानं नावाचा अर्थ सांगितला तर पोरं वर्षभर मागून गुटर्रगू करायची. कोठीला दाताच्या दवाखान्यात बाईनं हाक मारली, "हदील बेगम!" आणि ही उठली, तर शेजारची म्हातारी, जी हाक ऐकून माशाअल्ला कितना प्यारा नाम म्हणत हिची पाठ थोपटत होती, तिनं कपाळावरची टिकली दिसताच हात हल्लूच काढून घेतला, राग नाही, फक्त गोंधळ, जशी चुकीच्या घराची बेल दाबली. आणि कुकटपल्लीला नोकरी लागली तेव्हा खोली शोधायला फोन केला, तर मालक म्हणाला, सॉरी अम्मा, ओन्ली फॅमिली. मग हिनं आडनाव सांगितलं. "बिरादारा? अरे, ते आधी नाही का सांगायचं! या या, कधी येताय?" गेली नाही ती. नल्लकुंटा ते कुकटपल्ली रोज धक्के खात जायला लागली, आणि धक्के खाताना आत्यावर चिडायची, कारण त्या मालकावर चिडून उपयोग काय, त्याला ती दिसतही नव्हती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते अर्ध्या सेकंदाचं काहीतरी यायचं. नाव कानात शिरल्यावर आणि ओठ हलायच्या आधी. आधी हिशेब, मग हसू. तो अर्धा सेकंद ओळखण्यात ती इतकी तयार झाली होती की लोक बोलायच्या आधीच तिला कंटाळा यायचा.

नववीत तिनं एकदा धिंगाणा केलाच. नाव बदला नाहीतर मी शाळेत जात नाही. बाबा म्हणाले, आत्याला विचार. विचारलं. आत्या तेव्हा याच घरात राहायची, ती त्या दिवशी जेवली नाही, आणि रात्री मोरीत नळ सोडून रडली, नळाचा आवाज मोठा म्हणून कुणाला कळणार नाही असं तिला वाटलं. हदीलला कळलं. दुसऱ्या दिवशी ती गपचूप दप्तर उचलून शाळेत गेली, आणि त्यानंतर आजपर्यंत जेवढ्या वेळा कुणी "काय? परत सांगा?" म्हणालं, तेवढ्या वेळा तिला तो नळ ऐकू आला, आणि तिनं परत सांगितलं. नीट, हळू, ह वर जोर न देता. म्हणजे हे सगळं कुणासाठी चाललं होतं? आणि आता तीच बाई बिस्कीट बुडवत म्हणते, बदला की!

पाहुणे गेल्यावर भांडायचं म्हणून ती दाराशी वळली तर आत्या चपला घालून जिन्यात. "बस जाईल ग माझी." बस म्हणे! एरवी तासभर उंबऱ्यात उभं राहून बोलणारी बाई. आई म्हणाली, "तुला पाहिजे तसंच झालं की, आता तोंड कशाला पाडून बसलीस?" आणि बाबा म्हणाले, "मानसी चांगलंय. हलकं आहे." हलकं! जशी पिशवी. हदील खोलीत जाऊन पडली आणि सवयीनं मोबाईलवर ते नावांचं पान उघडलं, जे ती शाळेपासून उघडत आलीय, वैताग आला की. अर्थ, कबुतराचा आवाज. मूळ, अरबी. लोकप्रियता, दुर्मीळ. शुभ रंग, हिरवा. खाली लिहिलेलं, या महिन्यात हे नाव काही जणांनी शोधलं. दर महिन्याला तिला माहीत असायचं की ते काही जण म्हणजे आपणच. या वेळी आकडा जरा जास्त होता. सुजाताताई, तिच्या मनात आलं, चष्मा कपाळावर सारून, पुण्यातल्या नणंदेला फोनवर वाचून दाखवताहेत, शुभ रंग हिरवा म्हणे, बघ. आणि तिला अचानक असा राग आला की जणू कुणी न विचारता तिचं कपाट उघडलं. मी काय वाटेल ते बोलेन माझ्या नावाला. तुम्ही कोण?

दुसऱ्या दिवशी रविवार. तिनं आत्याकडे जायला कॅब मागवली, आणि ड्रायव्हर येऊन तिच्यासमोर गाडी उभी करून तिला विचारतो, "आदिल भाई किधर है अम्मा?" "मैंच हूँ," मीच ती, असं म्हणून तिनं दार आपटलं. सगळ्या रस्त्यानं ती वाक्यं जुळवत होती. तू माझं नाव ठेवलंस की तुझ्या मैत्रिणीला राहायला जागा दिलीस? असं एक. तुला बदलायचंच होतं तर नववीत का नाही? असं दुसरं. चांगली, टोकदार वाक्यं. अमीरपेटच्या पुढे गर्दीत गाडी अडकली तेव्हा त्यातलं एक तिनं मोठ्यानं म्हणून बघितलं आणि ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

आत्या एकटीच राहते, एका औषधांच्या कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरीला आहे, लग्न केलं नाही, का ते कुणी विचारायचं नाही असं घरात न ठरवता ठरलेलं. दार उघडंच होतं. आत्या गॅलरीत, हातात थाळी आणि लाटणं, कबुतरांवर धावून जात होती. जाळीला भोक पडलंय, तिथून आत येतात, कूलरवर घाण करतात. "हट्! हट् मेल्यांनो! हदील, ते फडकं दे ग इकडे!" आणि ही, भांडायला आलेली, फडकं घेऊन धावली. मग थांबली. कारण तिच्या लक्षात आलं, गंमत बघा, इतक्या वर्षांत आत्ता पहिल्यांदा लक्षात आलं, की जगात या नावानं हाक मारायची आणि मध्ये तो अर्धा सेकंद नाही, अशी हीच एक बाई आहे. बाबा बेटा म्हणतात. आई बाळा म्हणते. ऑफिसात एच.बी. म्हणतात. अनिकेत हदू म्हणतो, आईसमोर तेही नाही. पुरं नाव, फडकं मागताना, कबुतरांना शिव्या घालता घालता, सरळ, हीच एक म्हणते. आणि हीच म्हणते, बदला.

"का म्हणालीस?" जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. एवढंच आलं.

"काय का म्हणाले?"

"नाटक नक्को. बदला म्हणालीस काल."

आत्यानं थाळी कठड्यावर ठेवली. खुर्चीत बसली. घाम पुसला. "ती आलीय," म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? हदील. रमजानात आली. बहिणीकडे उतरलीय, मलकपेटला. आमच्या बॅचच्या एकीनं सांगितलं. मी गेले ना भेटायला. नवी साडी, मिठाई घेतली, बदाम की जाळी, मोठा डबा." आत्या हसली, पण कसली हसते, ओठ नुसते रुंद झाले. "तिच्या बहिणीच्या सुनेनं सरबत दिलं. बसा म्हणाली. ही आली, जाड झालीय, गुडघे गेलेत तिचे पण. माझ्याकडे बघते, बघते. म्हणाली, आप किस की तरफ से?"

हदील खाली फरशीवर बसली.

"मी सांगितलं, कॉलेज, बाक, डबा. तर कॉलेज सगळं याद आहे तिला! कँटीनवाला याद आहे, गेटावरचा कुत्रा याद आहे. मी म्हटलं, भाग्यलक्ष्मी. तर म्हणते, हौ हौ, थी ना कोई, मोटी सी?" आत्यानं हात हवेत गोल फिरवला. "मी मोटी होते का ग? फोटो बघ तू. काडी होते काडी."

"तू माझं सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हटलं, माझ्या भाचीचं नाव मी तुझं ठेवलं. अच्छा, म्हणाली. मग म्हणते, हिंदू बच्ची का? घरवाले कुछ बोले नहीं?"

तोच अर्धा सेकंद. तिच्याकडूनसुद्धा. हदीलला वाटलं आपण त्या मलकपेटच्या बैठकीत आहोत, सरबताचा पेला घामेजलाय, आणि ती बाई, जिचं नाव आपण बालवाडीपासून पाठीवर घेऊन फिरतोय, आपल्याकडे बघून तोच हिशेब करतेय जो कुकटपल्लीच्या मालकानं केला, दाताच्या दवाखान्यातल्या म्हातारीनं केला, सुजाताताईंनी केला. किती वैताग यावा माणसाला! निळे डोळे, खिमा, बिनकांद्याचं काहीतरी, आणि शेवटी हे. मोटी सी. तिला त्या बाईचा राग आला, पण तो धरता येईना, बिचारीनं काय केलं होतं, बाकावर बसली होती. आत्याचा आला, तोही हातात राहीना. कारण आत्या आता खुर्चीत इतकी लहान दिसत होती की दोन वेण्या नुसत्या घालायच्या बाकी होत्या.

"पर्वालेदु," आत्या म्हणाली. चाललंय, असू दे, अशा अर्थी ती नेहमी हे तेलुगूतच म्हणायची, मराठीत म्हटलं तर खरं वाटेल म्हणून की काय. "तिला आठवत नाही. मग तू कशाला वाहायचं? माझ्या येडेपणापायी पोरीला त्रास. मानसी हो. सुखानं राहा."

आणि इथे हदीलच्या आत काहीतरी सरकलं. म्हणजे बघा, इतकी वर्षं ते नाव कुणाचं तरी होतं. त्या बारकसच्या मुलीचं होतं, आत्याचं होतं, आजोबांच्या उर्दूचं होतं, आणि ती आपली भाडेकरूसारखी त्यात राहत होती, सारखी कुरकुर करत, पाणी येत नाही, भिंत ओली आहे. आज मालकीण येऊन म्हणते, कोणतं घर? मला नाही आठवत. मग आता ते कुणाचं? आदिलक्ष्मी कुणी म्हणवून घेतलं? गुटर्रगू कुणी ऐकलं? न घेतलेली ती खोली कुणाची होती? सगळं बिल आपण भरलं आणि आता सामान दुसरंच कुणी फेकून देतंय, तेही आपल्या भल्यासाठी, साखर लावून. नाही. आवडत नाही मला हे नाव. अजूनही नाही आवडत. पण फेकायचं असलं तर मी फेकीन.

फोन वाजला. सुजाताताईंचा निरोप होता, सोबत हसरा चेहरा. मानसी नक्की ना? अनिकेत तांदळावर सराव करतोय. हदीलनं अनिकेतला फोन लावला.

"ताटात हदील लिही," ती म्हणाली.

"अगं, पण..." मागे स्वयंपाकघरात त्याच्या आईचा आवाज, मिक्सर. तो बहुतेक बाहेर आला. "तुलाच नको होतं ना? तूच म्हणालीस. मी आईला तेच सांगितलं, तुझ्या बाजूनं म्हणून!"

"माहितीये. माझ्या बाजूनं नको सांगूस, मला विचारत जा."

"आता आईला काय सांगू? पत्रिकेचा मजकूर गेलाय तिच्याकडून. एवढं काय आहे त्या नावात, हदू?"

एवढं काय आहे. ती शोधायला लागली, खरंच, प्रामाणिकपणे, अर्थ, मूळ, लोकप्रियता, आणि सांगण्यासारखं काहीच सापडेना. "काही नाही," ती म्हणाली. "माझं आहे. तुला त्याच्याशी लग्न करायचं असेल तर कर. नसेल तर आईला म्हणावं, मजकुरातून दोन्ही नावं काढा."

पलीकडे तो बराच वेळ गप्प. अर्ध्या सेकंदापेक्षा पुष्कळ जास्त. हे तिला नवीन होतं, हिशेब इतका वेळ चालत नसतो. मग म्हणाला, "मी बोलतो तिच्याशी. पण भडकणार ती. आणि आज रात्री तू फोन उचलायचा, मी एकटा नाही सहन करणार." धड हो नाही, धड नाही नाही. तिनं फोन ठेवला.

आत्या खुर्चीत ताठ. "येडी झालीस काय ग पोट्टी? चांगलं स्थळ! लग्न मोडलं म्हणजे? दादा मला उभी चिरेल. कोणासाठी करतेस हे? माझ्यासाठी नक्को हां, मी सांगून ठेवते, मी नाही घेणार डोक्यावर!"

"तुझ्यासाठी कोण करतंय!" हदील किंचाळलीच. "तुझ्यासाठी नववीत केलं, ते झालं. तू मला विचारून ठेवलं होतंस? मग मी तुला विचारून काढणार नाही!"

जाळीच्या भोकातून कबूतर परत आत आलं, कूलरवर बसलं, मान फुगवून घुमायला लागलं. दोघींनी त्याच्याकडे बघितलं. दोघींपैकी कुणी उठलं नाही. आत्याचे डोळे भरले होते आणि इथे नळ नव्हता सोडायला. हे काही हदीलला बघवेना. हिला आत्ता आवरायला पाहिजे, नाहीतर आपण पण सुरू होऊ, आणि मग संध्याकाळ गेलीच. ती गुडघ्यांवर उठली, आत्याच्या खुर्चीचा हात धरला, वाकली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. आत्याला वाटलं काही गुपित आहे, तिनं मान तिरकी केली. "कुर्रर्र," हदील म्हणाली. आणि मग नाव सांगितलं, पुरं, हळू, ह वर जोर न देता.

आत्यानं डोळे पुसले. काही कळल्यासारखं तोंड नव्हतं तिचं.

"काय म्हणालीस? त्या कानानं मला कमी ऐकू येतंय ग आताशा. इकडून सांग."

हे असं! हदीलनं कपाळावर हात मारला, गुडघे झटकले, वैतागत उठली, आणि खुर्चीला वळसा घालून आत्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.